बाजूच्या दाराचं कुलूप

नगरला मी टॉकीजचा मॅनेजर होतो तेव्हा दर शुक्रवारी, नवा सिनेमा लागला की, अग्निशामक दलाचे एक गृहस्थ तपासणीला यायचे. नमस्कार नाही, चहा नाही. आधी लाल बादलीतली वाळू वर्तमानपत्रावर पालथी करायची, मग तिच्यातली विडीची थोटकं आणि शेंगांची टरफलं वेचून माझ्या टेबलावर मांडायची. "मॅनेजर, ही वाळू हाय का उकिरडा?" प्रत्येक वाक्य ते दोनदा म्हणत. दुसऱ्यांदा हळू, मास्तर ढ पोराला सांगतात तसं.

खरं भांडण बाजूच्या दारावरून होतं. तिथून फुकटे घुसायचे, म्हणून खेळ सुरू झाला की आम्ही त्याला बाहेरून कुलूप घालायचो. एकदा हाऊसफुल्ल असताना त्यांनी ते कुलूप काढायला लावलं आणि सरळ खिशात टाकलं.

"आता फुकटे कोण अडवणार? तुम्ही?" मी वैतागून विचारलं.

"व्हय, मी. आत आग लागली तर कुलपाला कळत न्हाई."

आणि खरंच, तीन तास ते पडद्याकडे पाठ करून दारात उभे राहिले. पुढच्या शुक्रवारीही. त्याच्या पुढच्याही. कुलूप काही मला परत मिळालं नाही.

शेवटी मलाच कसंतरी वाटायला लागलं. रिटायरमेंटला आलेला माणूस, म्हणून ऑफिसातली माझी खुर्ची मी स्वतः उचलून दाराशी नेऊन ठेवली. ते आधी खुर्चीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"वाटंत खुर्ची कुनी ठिवली?"

मग हळू, पुन्हा एकदा, "वाटंत खुर्ची कुनी ठिवली?"