नोंदीत काही सापडत नाही

मास्तरांनी उभी हयात शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर त्यांना जे सुख मिळालं ते त्यांनी स्वप्नातही मागितलं नव्हतं. लोक त्यांचं ऐकायला लागले. शाळेत मुलं खिडकीबाहेर बघायची. इथे मात्र चांगले टाय लावलेले साहेबलोक वहीत टिपणं घेत होते.

हे घडलं ते कुलपांच्या कारखान्यामुळे. कारखान्याची मालकीण एके काळी मास्तरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आजोबांनी उभा केलेला धंदा तिच्या हाती आला, तेव्हा तिच्या डोक्यात आलं की कारखान्याचा इतिहास नीट लिहून काढावा आणि तो लिहायला आपले सर सोडून दुसरं कोण? मास्तर तिला "बाई, तुम्ही" म्हणायला लागले, तर ती हसून म्हणाली, "सर, मला अहोजाहो केलंत तर मी पुस्तकच रद्द करेन." मग "तू" वर तडजोड झाली. तिने अट एकच घातली होती. "जसं घडलं तसं लिहा."

मास्तरांनी लिहिलंही. पण पाहुण्याने यजमानाच्या घरी आमटी अळणी आहे असं सांगायचं नसतं, या चालीवर लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी खुणावलं नव्हतं. हाताने आपणहून वळण घेतलं.

गाळलेली गोष्ट अशी. थोरल्या मालकांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, काळात एका वर्षी धातू महागला. त्यांनी किल्लीच्या दातांचे प्रकार कमी केले. म्हणजे आधी शेकडो तऱ्हांचे दात कापले जायचे, ते मोजक्या तऱ्हांवर आणले. काम झटपट झालं, खर्च उतरला, कुलपं धडाधड खपली. आणि मग एकाची किल्ली दुसऱ्याच्या दाराला लागायला लागली. लोक फाटकाशी जमले. थोरल्या मालकांनी यंत्रं थांबवली, नव्या कुलपांचं पोतं घेतलं आणि घरोघर जाऊन "चुकलो, हे बदलून देतो" म्हणत फिरले. पोतं उचलायला आणि कुलूप बसवायला सोबत एक कामगार होता. किल्ल्यांना कानस मारणारा. तो मास्तरांचा बाप. त्या फिरण्यात कारखाना बुडता बुडता राहिला, पण त्यानंतर लोक म्हणायला लागले, कुलूप घ्यावं तर यांचंच.

यातलं कागदावर काही नव्हतं. मास्तरांनी ते लहानपणी बापाच्या तोंडून ऐकलं होतं. पुस्तकात त्यांनी लिहिलं : टंचाईच्या वर्षी थोरल्या मालकांनी दूरदृष्टीने किल्ल्यांचे प्रकार कमी केले, खर्च वाचवला आणि कारखाना त्या संकटातून उभा राहिला. एकेक शब्द खरा. मधलं सगळं गायब.

पुस्तक छापून आलं तेव्हा मास्तर ते घेऊन अक्काकडे गेले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, एकटी राहणारी, दोन चष्मे असलेली आणि दोन्ही हरवून बसलेली. तिने भिंग लावून पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "बाळ्या, बाबा कुठेत यात?"

"जागा नव्हती गं."

"फोटोंना बरी जागा होती." एवढं बोलून तिने चहा टाकला. बाळ्या सत्तरीला टेकला होता, पण अक्कासमोर त्याचं वय कधी वाढलं नाही.

पुस्तकामागून व्याख्यानं आली. दर महिन्याला मास्तरांनी साहेबलोकांना सांगायचं, धंदा चालवणाऱ्याने इतिहासातून काय घ्यावं. मास्तर रंगून सांगायचे. राजे शत्रूमुळे कमी हरतात, ते म्हणाले, गोड बातमी आणणाऱ्या भाटांमुळे जास्त हरतात. ज्याच्या दरबारात वाईट बातमी आणणाऱ्याची मान शाबूत राहते तोच टिकतो. साहेबांनी हे वाक्य लिहून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्या वेळी मास्तरांना स्वतःचं काही आठवलं नाही, हे खरं वाटणं कठीण आहे, पण तसंच झालं.

अशाच एका व्याख्यानानंतर मालकीण उठून उभी राहिली. धंदा मंदावला होता, स्वस्तातली कुलपं बाहेरून येत होती. तिच्या हातात मास्तरांचं पुस्तक होतं, टंचाईच्या वर्षाच्या पानात बोट घातलेलं. "आजोबांनी जे केलं तेच आपण करणार," ती म्हणाली. "किल्लीचे प्रकार कमी."

मागच्या रांगेतल्या एका साहेबांनी चाचरत विचारलं, "पण मॅडम, एकाची किल्ली दुसऱ्याला लागली तर?"

ती मास्तरांकडे वळली. शाळेत शंका विचारताना वळायची तशीच, डोळ्यांत पूर्ण विश्वास. "सर, आजोबांच्या वेळी असं काही झालं होतं का?"

आता बोलायला एक श्वास पुरला असता. पण आत्ता हो म्हणावं तर पुस्तकात का नाही, हा पुढचा प्रश्न सगळ्यांसमोर येणार. इतक्या खुर्च्या, इतक्या वह्या. मास्तर खाकरले आणि म्हणाले, "नोंदीत काही सापडत नाही."

हेही खरंच होतं. खोटं बोलायला लागू नये म्हणून शिकलेला माणूस किती खरं बोलतो ते बघावं.

घरी जाताना त्यांना शरम वाटली. पुढच्या आठवड्यात दोनदा ते कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि पहारेकऱ्याला "सहज आलो होतो" सांगून परतले. शहर आता केवढं वाढलंय, त्यांनी मनाला समजावलं, एकच किल्ली शेजारीशेजारी यायची शक्यता ती कितीशी? मन समजलं नाही, फक्त गप्प बसलं.

नव्या कुलपांची पहिली खेप निघाली तेव्हा मालकिणीने त्यातलं एक दारात बसवायचं कुलूप मास्तरांना मानाने भेट दिलं. अक्काचं जुनं कुलूप अडकायला लागलं होतं. "एवढा कारखान्याचा मानकरी माझा भाऊ, आणि मी दार लाथेने उघडते," ती म्हणाली. मास्तर नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप बसवलं आणि स्क्रू इतके पिळले की तळहाताला वळ उठले.

पुढे जे झालं ते सांगताना हसावं की रडावं कळत नाही. अक्काच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहायचे. विसराळू, सभ्य. त्यांच्या मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून तेच नवं कुलूप आणलं होतं. एका सकाळी आजोबा लिफ्टमधून एक मजला आधी उतरले, समोरच्या दाराला किल्ली लावली, दार उघडलं. त्यांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उघडलं. अक्का न्हाणीघरातून बाहेर आली. परका माणूस बघून ती किंचाळली, पाय घसरला आणि ती हातावर पडली. बिचाऱ्या आजोबांना वाटलं, आपल्याच घरात कोणी बाई शिरली. मग खरं काय ते कळल्यावर ते लहान पोरासारखे रडले आणि त्यांनीच तिला पाणी दिलं, तिच्याच घागरीतून.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर झालं. मग अक्का म्हणाली, "हे बाबांच्या वेळचंच ना रे?"

मास्तर खाली बघत राहिले.

"आणि तुला ठाऊक होतं."

त्यांनी मान हलवून हो म्हटलं. सबबी पुष्कळ तयार होत्या, गेले कित्येक दिवस ते त्याच घडवत होते. पण प्लास्टरमधून बाहेर आलेली ती सुजलेली बोटं बघून एकही तोंडातून निघेना. याच हाताला धरून ते पहिल्यांदा शाळेत गेले होते. अक्काने दुसरीकडे तोंड वळवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिथून मास्तर थेट कारखान्यात गेले. या वेळी पहारेकऱ्याला त्यांनी "काम आहे" म्हणून सांगितलं. मालकिणीसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पोतं, फाटकाशी जमलेले लोक, बाप, अक्काचं मनगट. शेवटी तिने विचारलं, "मी तुम्हाला विचारलं होतं ना सर? सगळ्यांसमोर?"

"विचारलं होतंस."

"सहावीत तुम्ही माझे मार्क कापले होते. मी लढाईचं वर्णन छान लिहिलं होतं, पण पराभवाची कारणं सोडून दिली होती. मी रडले तर तुम्ही म्हणालात, जे सोडलंस तेच शिकायचं होतं. मी ते विसरले नाही. म्हणून तर पुस्तक तुमच्याकडे दिलं."

तिने आवाज चढवला नाही. मास्तरांना वाटलं, पायाखालची जमीन दुभंगेल तर बरं. पण अशा वेळी जमीन ढिम्म राहते आणि माणसाला खुर्चीतच बसावं लागतं.

तिने फोन उचलून यंत्रं थांबवायला सांगितली. मग म्हणाली, "आजोबा स्वतः फिरले होते म्हणता. मग मीही फिरेन. पोतं कोण उचलणार?"

"मी," मास्तर म्हणाले.

"वजन झेपेल?"

"झेपो न झेपो."

पहिलं दार अक्काचं होतं. तिने डाव्या हाताने दार उघडलं, आधी मालकिणीला निरखलं, मग खांद्यावर पोतं घेतलेल्या भावाला. नातवाच्या वयाची पोरं उचलतात ते ओझं उचलून तो घामाघूम झाला होता. तिने त्याला आत ये म्हटलं नाही.

"बाबा आधी काय म्हणायचे माहितीये?" ती म्हणाली. "ते म्हणून झाल्यावरच पेचकस काढायचे."

मास्तरांनी पोतं खाली ठेवलं. शेजारचं दार किलकिलं झालं होतं, वरच्या मजल्यावरचे आजोबाही जिन्यात येऊन उभे होते. "चुकलो," मास्तर म्हणाले. आवाज नीट आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "चूक कंपनीची नाही. हिला मी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं."

मग ते गुडघ्यावर बसले आणि जुने स्क्रू काढायला लागले. स्वतःच पिळलेले ते, हलता हलेनात. मालकीण वाकून कुलूप धरून राहिली. अक्का वरून बघत होती.

"नवीन पुस्तक काढणार असाल ना," ती मालकिणीला म्हणाली, "तर त्या पानावर आमच्या बाबांचं नाव घाला."

"घालू, आत्या."

"आणि खाली याचंही घाला. काय केलं ते लिहून." मग ती भावाकडे बघून म्हणाली, "जागा होईल ना रे, बाळ्या?"