दामले सरांना वायफाय दिसत नाही

तक्रार मिटली की वहीत तिच्यावर काट मारायची, एवढंच माझं काम. पण ओळ खोडली तरी माणूस डोक्यातून खोडला जात नाही. वडगावच्या आमच्या इंटरनेटच्या ऑफिसात मी फोनवर तक्रारी घेते आणि शौकतभाई गाडीवरून जाऊन त्या मिटवतात. "वायफाय दिसत नाही" या एकाच तक्रारीचे किस्से सांगायला बसले तरी चहा दोनदा गरम करावा लागतो.

*

पवनानगरच्या एका कॅम्पवाल्यांचा फोन. "ताई, तंबूत वायफाय दिसंना."

शौकतभाई गेले. राउटर लोखंडी कपाटात, वर कुलूप.

"भाऊ, कोंडून ठेवल्यावर बाहेर कसं दिसेल?"

"आवं, उघड्यावर ठिवला तर कुणी उचलून न्हेईल न्हवं."

"मग पर्यटकांना कपाटात बसवा," म्हणाले शौकतभाई.

*

भुशी धरणाजवळ बंगला असलेले एक साहेब. फोन फाईव्ह जी, पण घरचं फाईव्ह जी नावाचं वायफाय त्यात दिसेना. शौकतभाई पोचेपर्यंत साहेबांनी तीन सिम बदलली होती.

"साहेब, वायफायला सिम लागत नाही."

"मला शिकवू नका. मी आयटीत आहे."

"तरीच. साध्या माणसानं एकच बदललं असतं."

*

दामले सर लोणावळ्याचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलानं अमेरिकेहून फोन पाठवला आणि नेमकं त्यालाच घरचं वायफाय दिसेना. कामाला येणाऱ्या सुमनमावशींच्या साध्या फोनला मात्र दिसायचं.

"फोन अमेरिकेचा आहे," सर रोज दहाच्या ठोक्याला मला ऐकवायचे. "दोष तुमचाच."

तोवर मुलाला बघायचं तर मावशींची भांडी घासून होईपर्यंत थांबायचं आणि त्यांचा फोन मागायचा. बारा वर्षं "ए सुमन" म्हणणारे सर आठवड्यात "अहो सुमनताई" वर आले.

*

शौकतभाईंना कारण सापडलं. राउटर आपोआप तेरा नंबरच्या चॅनलवर, म्हणजे लहरींच्या तेराव्या पट्ट्यावर, गेला होता. आपल्याकडे तेरापर्यंत चालतात. अमेरिकेसाठी बनवलेले बरेच फोन अकराच्या पुढचे बघतच नाहीत. राउटर सहावर आणला, वायफाय दिसलं.

"म्हणजे माझ्या फोनला कमी दिसतं?"

"नाही सर. त्याला तेवढंच शिकवलंय."

सरांनी कोरा कागद पुढे केला. "फोनमध्ये दोष नव्हता, असं लिहून द्या."

शौकतभाईंनी दिलं. सरांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या आणि पुन्हा लिहायला लावलं.

*

आठवड्याभरानं ऑफिसात परदेशातून फोन आला. सरांचा मुलगा. आवाज अगदी नम्र.

"वायफाय तुम्हीच दुरुस्त केलंत ना? थँक्यू. बाबा आता दिवसातून आठ-दहा वेळा व्हिडिओ कॉल करतात. मी मीटिंगमध्ये असतो, गाडी चालवत असतो. काल माझ्या मुलीकडून तासभर बाराखडी म्हणून घेतली. ती रडायला लागली."

मी हं-हं करत राहिले. स्पीकर चालू होता. शौकतभाई बिस्किट बुडवायचे थांबले.

"ते आधीसारखं करून देता येईल का? बाबांना न सांगता?"

मी वही पुढे ओढली.

"कनेक्शन दामले सरांच्या नावावर आहे," मी म्हणाले. "काही बदलायचं तर अर्ज त्यांच्याच सहीचा लागेल."