राखेनं घासलेल्या बाटल्या

‘कारण : ग्राहकाची चुकीची हाताळणी.’ मी नागपूर सोडण्याआधीच साहेबांनी अहवाल टाईप करून ठेवला होता. आता फक्त ग्राहकाच्या गावी जाऊन यायचं आणि सही ठोकायची. गाडी मागितली तर म्हणाले, एसटी आहे की!

मी बाटल्यांच्या कारखान्यात लेपाचं काम बघतो. काचेला लेप असतो म्हटलं की पाहुणे हसतात. असतो हो! बाटली लालभडक असताना एक, निवत आली की वरून मेणासारखा दुसरा, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ. त्यामुळे बाटल्या एकमेकींवरून निसटतात, ओरखडा पडत नाही. ओरखडा पडला की काच तिथूनच फुटते. तरीही नवेगाव बांधच्या एका महिला बचत गटाच्या मधाच्या बाटल्या वाटेत फुटत होत्या. पहिली तक्रार आली तेव्हा मी लेप वाढवला. त्यानंतर दुप्पट फुटल्या. शनिवारी त्यांचा माल नागपूरच्या दुकानात जायचा होता आणि या वेळी फुटला तर दुकानदार त्यांचा मध ठेवणंच बंद करणार होता.

सकाळच्या रायपूर रस्त्याच्या एसटीत उजवीकडची खिडकी धरू नका, भाजून निघाल. मी धरली होती. सडक अर्जुनीजवळ कोहमारा फाट्यावर उतरून तर्री घातलेला आलूबोंडा खाल्ला, तेवढंच काय ते सुख. पुढं काळी-पिवळी जीप.

“कधी निघणार?” मी विचारलं.

“भरली का निघून राहिली ना भाऊ. बैठो आरामसे.”

भरायला दीड तास लागला. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. तिकीट चाळीस रुपये, कोंबडी फुकट.

नवेगावचा तलाव बघायला लोक लांबून येतात म्हणे. मी तो जीपच्या मागच्या फटीतून पाहिला आणि थेट गटाच्या अध्यक्ष शेवंताबाईंच्या अंगणात शिरलो. तिथं सहा बायका माझ्या कोऱ्या बाटल्या राईस मिलच्या राखेनं खसाखसा घासत होत्या. भाताच्या तुसाची राख म्हणजे बारीक रेतीच!

“अहो बाई, हे काय चाललंय?”

“बाटल्या घासून राहिलो. दिसत नाई का?” शेवंताबाई म्हणाल्या.

“नव्या बाटल्या कशाला घासता?”

“मंग लेबल कसं चिपकल जी?”

मी भडकलोच. लेप, ओरखडे, काचेचं आयुष्य, सगळं प्रवचन झोडलं. शेवंताबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मग न घासलेली एक बाटली आणि लेबल माझ्या हातात दिलं. “लावा तुमीच.”

मी चांगलं दाबून लावलं. चहा येईपर्यंत ते घसरत बुडाशी आलं होतं.

“पहिले थोडंसं घासलं का चिपके,” त्या म्हणाल्या. “आमी तक्रार केली, तवापासून बाटल्या लयच निसरड्या येऊन राहिल्या. आता हात दुखेपर्यंत घासा लागते. आमाले काऊन नाई विचारलं?”

मी लेप वाढवायचा, यांनी तो खरवडायचा, बाटल्या आणखी फुटायच्या आणि मी पुन्हा लेप वाढवायचा. सगळी चीड माझ्यावरच उलटली. लाज वाटली, स्पष्ट सांगतो.

राख आणि घासून झालेल्या बाटल्या बाजूला ठेवल्या. लेबलांना भोकं पाडून ती बाटल्यांच्या गळ्यात दोऱ्यानं बांधायची ठरली. मीही बसलो बांधायला. माझ्या गाठी सुटत होत्या, शेवंताबाई त्या पुन्हा बांधत होत्या. या नादात शेवटची जीप चार वाजताच जाते हे कळलं ते ती गेल्यावर. मुक्काम त्यांच्याकडेच पडला. इटियाडोह धरणातल्या झिंग्यांचा रस्सा आणि भात मिळाला, म्हणून तक्रार करत नाही.

रविवारी घरी शेवंताबाईंचा फोन आला. “एकबी नाई फुटली जी. पण दोरे बांधून बोटं सोलली. लेबल चिपकल अशी बाटली कवा देता?”

साहेबांचा टाईप केलेला अहवाल समोर पडला होता. ‘ग्राहकाची चुकीची हाताळणी’ खोडून मी लिहिलं : ‘लेबल कसं चिकटणार हे न विचारता लेप वाढवला.’ खाली सहीची जागा होतीच. एरवी मी नुसती आद्याक्षरं ठोकतो, या वेळी सही पूर्ण नावानं केली.