कारवीतली जुगलबंदी

भुशीच्या वरच्या वाडीतला नवसू म्हणजे आवाजाचा खेळिया. जत्रेत कनातीमागे बसून तो वाघापासून सासूपर्यंत सगळ्यांचे आवाज काढी आणि टाळ्या लुटून नेई. बेडकांचा अभ्यास करणारे पुण्याचे एक प्राध्यापक दर पावसाळ्यात खंडाळ्याला उतरत. रानात त्यांच्यापुढे चालायचा मान नवसूचा.

बत्तीस सालच्या श्रावणात मात्र त्यांनी नवसूच्या मेव्हण्याला, कोंडूला, पुढे घातलं. त्यांना एक इवलासा झुडपी बेडूक हवा होता. त्याचं ‘टिक् टिक्’ ऐकू येई, पण तो दिसत नसे. आणि हाती आल्याशिवाय त्याची जात ठरणार नव्हती. कोंडूची नजर तेज, म्हणून त्याची निवड. घरी बायको भावाचं कौतुक सांगू लागली, तसा नवसू अर्धी भाकर टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी तो आधीच रानात गेला आणि पानांचं इरलं पांघरून कारवीत दडून बसला. आपणच बेडूक होऊन ओरडायचं, कोंडूला झुडपाझुडपांतून फिरवायचं, आणि गेलेला मान परत मिळवायचा.

प्राध्यापक आणि कोंडू जवळ येताच नवसूनं आवाज काढला. कोंडूनं फांद्या चाळल्या. हाती काही नाही. नवसू गालातल्या गालात हसला. पुन्हा आवाज दिला, आणि थेट त्याच्या डोक्यावरून उत्तर आलं, त्याच्यापेक्षा चढं. नवसूतला नट पेटला. त्यानं आवाज चढवला, वरच्यानंही चढवला.

कोंडूनं इरल्यावरून बेडूक अलगद उचलला. बोटांच्या टोकांवरच्या चकत्या, हनुवटीखाली फुगलेली पिशवी पाहून प्राध्यापकांना जात पटली. ते म्हणाले, आपल्या जागेत दुसरा नर ओरडू लागला की याला सोसत नाही.

“आमच्या वाडीत बी हाय असला एक,” कोंडू पुटपुटला.

इरलं हाललं. भिजलेला नवसू उभा राहिला. प्राध्यापक चकित झाले. आता अब्रू जाणार, म्हणून नवसूनं मान खाली घातली.

“म्याच बसवलं व्हतं दाजींना,” कोंडू शांतपणे म्हणाला. “त्येंच्याबिगर ह्यो बोलला नसता.”

प्राध्यापकांनी नवसूची पाठ थोपटली आणि उद्यापासून दोघांनाही बोलावलं. परतताना कोंडूनं दाजींना पुढे घातलं. नवसू पुढे चालला खरा, पण सुख कुठलं? एवढी सोंगं वठवली, पण ऐनवेळी असं वाक्य त्याला कधी सुचलं नव्हतं. आता त्याला त्या वाक्याचाही हेवा वाटत होता.