जंतवाली आत्ती

आमच्या शिरवळच्या प्रयोगशाळेत अंजनासारखा जंत ओळखणारा दुसरा माणूस नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. खाटकाकडून मेंढ्यांची आतडी आणायचं काम माझं, म्हणजे ड्रायव्हरचं. ती धुऊन त्यातले केसाएवढे जंत चिमट्याने जिवंत उचलायचं काम तिचं. नव्या पोरी नाक दाबतात, तेव्हा ही त्यांना फाडफाड बोलते.

शरीराने आपल्याला हुसकावू नये म्हणून जंत एक प्रथिन सोडतात आणि शरीराचा राग थंड करतात. आमच्या शास्त्रज्ञ मयूरी मॅडमनी ते प्रथिन वेगळं काढून उंदरांना दिलं, तर त्यांच्या फुफ्फुसांतली ॲलर्जीची सूज उतरली. अंजनाला आभाळ ठेंगणं झालं. दिवाळीला पाटणला माहेरी गेली आणि छाती ठोकून सांगून आली, "जंतानं दमा बरा हुतोय!"

फेब्रुवारीत फोन आला. तिची दहा वर्षांची भाची शिवांजली दम्याने दवाखान्यात होती. तिला घेऊन मी गाडी काढली.

तिचा भाऊ सयाजी, फौजेतून निवृत्त झालेला, दवाखान्याच्या दारातच उभा होता. त्याने महिनाभर लेकीचा दम्याच्या औषधाचा पंप बंद ठेवला होता. शाळेत दिलेली जंताची गोळीही तिला थुंकायला लावली होती.

"तूच म्हनालीस न्हवं? मग जंत मारायचं कशाला?"

खरं सांगतो, मला अंजनाचा रागच आला होता. पण ती सयाजीसमोर ताठ उभी राहिली.

"दादा, चूक माजी. मी अर्धंच सांगितलं. जंत पोटात ऱ्हायला तर पोरगी खंगंल. गुन त्येच्या एका पदार्थात हाय, त्योबी अजून उंदरावरच बघितलाय. आजपास्नं पंप चुकवायचा न्हाई. गोळीबी द्यायची."

"मग तुजं औषद कवा येनार?"

"यील. आमी ते काढायचं सोडत न्हाई. पन यील तवा डाक्टरच्या चिठ्ठीवर यील, आत्तीच्या शब्दावर न्हाई."

शिवांजली चौथ्या दिवशी घरी आली. आता रोज सकाळी आतडी धुवायला घेण्याआधी अंजना पाटणला व्हिडिओ कॉल लावते. भाचीने पंप ओढून, औषध तोंडात राहू नये म्हणून चूळ भरलेली डोळ्यांनी पाहते आणि मगच चिमटा हातात घेते.