मसणवटीचा दावा

मेलेली पोर माझ्या हातावर होती आणि म्युनिसिपालिटीचा जमादार वाटेत काठी आडवी धरून उभा होता. मसणवटी बंद झाली म्हणाला. शेजारी मेंबरसाहेबांचा बंगला झालाय, त्यांना वास येतो.

आमच्या महारवाड्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच पुरलेली. माझी पोर नुकती कुठं बोलायला लागलेली. तापानं गेली. तिच्या बापानं जमादाराचे पाय धरायला वाकून विनवलं. जमादारानं पाय मागं घेतले. विटाळ होईल म्हणून.

शेवटी खाडीच्या चिखलात खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी गेले, तर भरतीनं माती ओढून नेलेली. खड्डा रिकामा. मी तिथंच बसले. रडूसुद्धा येईना.

तिचा बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला. कोर्टात गरिबाचंही ऐकतात, असं त्याला तिथं कुणी सांगितलेलं. त्यानं दावा लावला. खालच्या कोर्टानं आमच्या बाजूनं निकाल दिला. वाड्यात म्हातारी माणसंही रडली. मग म्युनिसिपालिटीनं वर अपील केलं.

निकालाला आम्ही कल्याणला गाडी धरून ठाण्याला गेलो. कोर्टाच्या ओसरीवर चढू दिलं नाही. खाली उन्हात उभं केलं. आत आमच्या मेलेल्यांबद्दल इंग्रजीत बोलणं चाललेलं. आमचा वकील बाहेर आला. लांबूनच म्हणाला, अपिलाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. जमीन म्युनिसिपालिटीची. इतकी वर्षं पुरू दिलं ती मेहेरबानी, तुमचा हक्क नाही.



म्युनिसिपालिटीचा वकील पायऱ्या उतरत होता. म्हणाला, "झालं ना समाधान? आता आतल्या जज्जसाहेबांना इथूनच जोहार घाला आणि घरी जा."

आमच्या सगळ्यांचे हात सवयीनं उठले. माझेही उठले होते. याच हातांवर पोर होती. मी ते खाली घेतले.

"मी जोहार घालणार नाही," मी म्हटलं. "माझी पोर तुम्ही खाडीत घालायला लावली."

मी तिथं नाहीच, असा तो पुढं निघून गेला.

मसणवटीला कुंपण घातलं. तिच्या बापाचं बोलणं तुटलं. फार जगला नाही तो. त्याला मी चिखलात नेला नाही. वाड्यातली माणसं घेतली, कुंपण मोडलं, आणि आमच्या माणसांत पुरला. मला धरून नेलं, कोठडीत टाकलं.

सुटून आले तेव्हा कुंपण पुन्हा उभं होतं.

थोरल्या मुलाला सांगून ठेवलंय. मी मेले की ते पुन्हा मोडायचं.