बंदुकीच्या नळीतली शेवंती

आमच्या ह्यांना बंदूक घ्यायची बुद्धी झाली ती ऐंशीच्या दशकात, आम्ही अमेरिकेत नोव्हायला राहत होतो तेव्हा. हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. ऑफिसातल्या लोकांबरोबर एकदा शूटिंग रेंजवर गेले काय आणि महिन्याभरात घरात चिनी बनावटीची एके रायफल आली काय! सैन्यातली नव्हे हो, एका वेळी एकच गोळी सुटणारी. तेव्हा दुकानात राजरोस मिळायची. मी म्हटलं, "अहो, आपल्या सात पिढ्यांत कुणी गलोल तरी धरली होती का?" तर म्हणाले, "म्हणूनच."

मग रडगाणं सुरू झालं. म्हणे नेम बसत नाही. शंभर यार्डांवरून बाकीच्यांच्या गोळ्या वाटीएवढ्या जागेत लागायच्या, ह्यांच्या परातभर. ऑफिसातले लोक चिडवायचे, की ट्रॅक्टर घेऊन रेसला आलाय. आणि हे पडले जिवाला लावून घेणारे. दिवसभर कारखान्यात केसाएवढ्या फरकावरून पार्ट रिजेक्ट करणारा माणूस, त्याला ही सैल बंदूक कशी सोसणार? जेवताना मला समजावायचे, की हिचे भाग मुद्दाम सैल ठेवतात, वाळू गेली, चिखल गेला तरी अडकू नये म्हणून.

"मग असू दे की सैल."

"अगं, पण नेम!"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकणार कोण? मीच. दस्ता आखूड होता, तो लाकडाचा तुकडा जोडून लांब केला. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरतात तो खुंट, जरासा कललेला निघाला, तो सरळ करून आणला. ट्रिगर खरखरतो म्हणून घासून गुळगुळीत केला. मग बाजूला पट्टी ठोकून दुर्बीण बसवली. ती मेली हलायची, म्हणून तिच्याखाली पत्र्याच्या चकत्या सरकवत बसायचे. माझ्या डायनिंग टेबलाला सदा तेलाचा वास. त्या दुर्बिणीला मी किती शिव्या घातल्या असतील! पण खरं सांगायचं तर परातीची हळूहळू ताटली झाली होती.

तशात खंडेनवमी आली. दर वर्षी आमच्या पाटावर पाना, स्क्रू ड्रायव्हर, गाडीच्या किल्ल्या आणि माझी कात्री असायची. शस्त्रपूजा म्हणायलाही लाज वाटावी. या वर्षी खरंखुरं शस्त्र घरात! मी उत्साहाने बंदूक भिंतीला टेकवून पाटावर उभी केली, दस्त्याला हळदकुंकू लावलं. झेंडू कुठे मिळायला तिथे? ग्रोसरीच्या दारात भोपळ्यांशेजारी शेवंतीच्या कुंड्या होत्या, त्यातली एक आणली होती. त्यातलं चांगलं टपोरं फूल तोडलं, देठाला कुंकू लावलं आणि दिलं नळीच्या तोंडात घट्ट खोचून. अशी शोभा आली म्हणून सांगू! ह्यांनी फोटोसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी दसरा, त्यात शनिवार. "सीमोल्लंघन करून येतो," म्हणत ह्यांनी फूल उपटून देवापुढे टाकलं, बंदूक पेटीत घातली आणि निघाले. मी श्रीखंड घोटून ठेवलं आणि निर्माल्य गोळा करायला बसले. ते फूल हातात आलं. नुसतं फूल. देठ नाही.

पाटाखाली पाहिलं, कार्पेटवर हात फिरवला. कुठेच नाही. म्हणजे देठ तुटून नळीतच राहिला होता. ह्यांच्या त्या सगळ्या पुराणातलं एक वाक्य मी नीट ऐकलं होतं: नळीत काही अडकलेलं असताना गोळी उडवली तर नळी फुटते, डोळा जातो, हात जातो. दुसऱ्या बंदुकांत मागून डोकावून नळी आरपार बघता येते, हिच्यात तेही येत नाही.

रेंजवर फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलेल तर शपथ. दारात दुसरी गाडी होती, लायसन्स होतं माझ्याकडे, पण हायवेवर मी कधी गाडी घातली नव्हती. घातली. ट्रक अंगावर आल्यासारखे जायचे आणि मी मोठमोठ्याने म्हणत होते, "अंबाबाई, तुझ्या नावानेच खोचलंय गं, सांभाळ!"

रेंजच्या आवारात शिरले तर ठो, ठो चाललेलं. प्रत्येक आवाजाला वाटे, हाच. साडी सावरत धावले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अहो, थांबा!" तिथल्या सुपरवायझरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हे अगदी शेवटच्या टेबलाशी, दातांत स्क्रू धरून बसलेले.

"तू? इथे?"

"उडवलीत का गोळी?"

"छे गं. ही दुर्बीण पुन्हा हलतेय. आल्यापासून तेच करतोय."

मी तिथेच सिमेंटवर फतकल मारून बसले. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. देठाचं सांगितलं तसे हे पांढरेफटक पडले. बंदुकीच्या नळीखाली साफ करायची सळई असते, ती त्यांनी काढली आणि नळीच्या तोंडातून आत सरकवली. मागच्या बाजूने टेबलावर हिरवा देठ पडला, कुंकू लागलेला. सुपरवायझरने तो तळहातावर घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. हे म्हणाले, पूजा. तो भला माणूस म्हणाला, आज घरी जा.

परतताना हे लाइट लुकलुकत ठेवून सावकाश पुढे, आणि मी त्यांच्या मागे. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. वाजवा म्हटलं, हवे तेवढे.

घरी आल्यावर गरम पुऱ्या तळल्या. हे खाली मान घालून जेवत होते. पुरी मोडत होते, श्रीखंड लावत होते, बोटं चाटत होते. मी झारा हातात धरून बघतच राहिले.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी जेवलात तरी चालेल आज."